वाचनालयाच्या मासिक पत्रकाला नाव काय द्यावं? आणि मजकुरात पुस्तकांची नावं लिहायची कशी?

धरमपेठकरीण
नमस्कार मंडळी. आमच्या वस्तीतलं वाचनालय दिवाळीपासून दर महिन्याला चार पानांचं पत्रक काढणार आहे. दोन पानं नव्या पुस्तकांची ओळख, एक पान सभासदांचं लेखन, एक पान कार्यक्रम आणि सूचनांचं. थोड्या प्रती छापील, बाकीच्यांना पीडीएफ. संपादन मी आणि एक निवृत्त शिक्षिका मिळून करणार आहोत. दोन ठिकाणी अडलंय.

पहिलं म्हणजे नाव. वाचनालयात पेटी ठेवली होती, तिच्यात आलेल्या चिठ्ठ्यांतली ही निवडक: संत्रा, शून्य मैल, ज्ञानगंगा, अक्षरगंध, वाचनकट्टा, ओसरी, वाचनखूण.

दुसरं, मजकुरातली नावं. पुस्तकाचं, कवितेचं, मासिकाचं नाव प्रत्येक जण वेगळं लिहून पाठवतो. कुणी दुहेरी अवतरणात, कुणी एकेरीत, कुणी ठळक, कुणी इंग्रजीसारखं तिरपं, कुणी काहीच न करता. पुस्तकांबद्दलच्या पत्रकात निदान पुस्तकांची नावं तरी एकसारखी आणि नीट असावीत असं मला फार वाटतं. प्रत्यय लागला की काय करायचं, तेही सांगा.

तर्रीवाला
संत्रा ठेवू नका जी. नागपुरात दुकान पाहा, क्रिकेटची टीम पाहा, लॉज पाहा, सगळ्याईले संत्राच पायजे. पुस्तकाईचं अन् संत्र्याचं काय घेनं-देनं?

सदर_बाजार
‘परत करा’ असं ठेवा. आमच्या वाचनालयातून गेलेलं पुस्तक फिरून येतच नाही. दर महिन्याला घरोघरी आठवण होईल.

तर्रीवाला
@सदर_बाजार, हे बेस्ट आहे. अन् पुरवणीचं नाव ‘विलंब शुल्क’.

जुना_कंपोझिटर
इतवारीतल्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यापासून सुरुवात केली, आता डीटीपी करतो. ताई, नाव ठरवायच्या आधी ते वाक्यात घालून पाहा. मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावलं तर कोणतंही नाव बरंच दिसतं. पण पत्रकाचं नाव मथळ्यावर एकदाच येतं, वाक्यांमधून मात्र सारखं येत राहतं. ‘अमुक’च्या जुलै अंकात. ‘अमुक’ला पत्र लिहिलं. ‘अमुक’ने विचारलं. ‘अमुक’त वाचलं. ही चार वाक्यं प्रत्येक चिठ्ठीला लावून मोठ्याने म्हणा.

ईकारान्त नाव सगळ्यात सुटसुटीत. केसरी, केसरीत, केसरीला, केसरीचा. मूळ नावाला धक्का लागत नाही. विदर्भ साहित्य संघाची ‘युगवाणी’ घ्या, तसंच. आकारान्त नाव आलं की सामान्यरूप आलंच: संत्रा पण संत्र्यात, कट्टा पण कट्ट्यावर. अकारान्ताला ‘त’ थेट चिकटत नाही, दर्पणचं दर्पणात होतं. आणि ‘सकाळ’ घ्या. “सकाळी वाचलं” आणि “‘सकाळ’मध्ये वाचलं” या दोन वाक्यांचे अर्थच वेगळे. तिथे अवतरणचिन्हही हवं आणि ‘मध्ये’ही हवं, एकावर भागत नाही.

यावरून माझं मत ‘ओसरी’ला. ‘ओसरी’त, ‘ओसरी’वर, ‘ओसरी’ला. कुठेही अडत नाही.

चंद्रपूरची_लेक
कंपोझिटरकाका, व्याकरणाच्या सोयीने नाव ठेवायचं म्हटलं तर आपली निम्मी वर्तमानपत्रं निघालीच नसती. ‘लोकसत्ता’ आकारान्त आहे, ‘लोकमत’ अकारान्त आहे. काय बिघडलं? बापूजी अण्यांनी १९१८ साली यवतमाळला ‘लोकमत’ साप्ताहिक काढलं, १९७१ साली नागपुरातून ते दैनिक झालं. इतक्या वर्षांत “लोकमतात आलंय” म्हणणारेही आहेत आणि “लोकमतमध्ये आलंय” म्हणणारेही. दोघांचं काम होतं.

जुना_कंपोझिटर
@चंद्रपूरची_लेक, बोलण्यात होतं, मान्य. छापताना संपादकाला एक काहीतरी ठरवावं लागतं. ते एकदा न ठरवलं तर प्रत्येक अंकाच्या मुद्रितशोधनात तोच वाद पुन्हा उभा राहतो.

इंदोरा_चौक
मी वेगळ्या बाजूने सांगतो. बाबासाहेबांच्या पत्रांची नावं ओळीने लिहून पाहा. १९२० साली ‘मूकनायक’. १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’. १९३० साली ‘जनता’. आणि १९५६ साली ‘जनता’चंच नाव बदलून ‘प्रबुद्ध भारत’. ज्यांना बोलूच दिलं नाही त्यांचा नायक, मग वेशीबाहेर ठेवलेला भारत, मग जनता, आणि शेवटी जागा झालेला भारत. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला आपल्या नागपुरात धम्मदीक्षा झाली. बाकी काही न वाचता नुसती ही नावं वाचली तरी चळवळ कुठून निघाली आणि कुठे पोचली ते कळतं.

आणखी एक. ‘मूकनायक’च्या नावासोबत तुकोबांच्या अभंगाच्या ओळी छापत असत, ‘बहिष्कृत भारत’वर ज्ञानेश्वरीतल्या ओव्या. म्हणजे नावाने सांगितलं कोण बोलतंय, आणि खालच्या ओळींनी सांगितलं कोणत्या बळावर बोलतंय. एवढं सगळं काम पहिल्या पानाच्या वरच्या चार बोटांत होत होतं.

तर ताई, आधी हे सांगा की तुमचं पत्रक कुणाचं आहे? कोण बोलणार आहे त्यात? ‘अक्षरगंध’, ‘ज्ञानगंगा’ यांतून ते कळत नाही. ती नावं दिवाळी अंकाला, शिकवणी वर्गाला, झेरॉक्सच्या दुकानाला, कशालाही चालतात.

धरमपेठकरीण
@इंदोरा_चौक, हा प्रश्न आम्हाला कुणी विचारलाच नव्हता. सभासद तीन प्रकारचे आहेत. सकाळी वर्तमानपत्र वाचायला येणारे ज्येष्ठ. दुपारी कादंबऱ्या बदलायला येणाऱ्या बायका. आणि वरच्या मजल्यावर अभ्यासिकेत दिवसभर बसणारी स्पर्धा परीक्षेची मुलं-मुली. तिघांची एकमेकांशी ओळख नाही, जिन्यात भेटले तर बाजूला होऊन वाट देतात इतकंच. पत्रकात हे तिघं एका पानावर यावेत अशी आमची इच्छा आहे.

मृण्मयी_प्रतापनगर
मग ‘ओसरी’ छान आहे की. घराच्या आतही नाही आणि रस्त्यावरही नाही. कुणीही येऊन टेकावं.

तर्रीवाला
अभ्यासिकेतल्या पोराईले ओसरी म्हंजे काय ते सांगा लागन. फ्लॅटमंदी जल्मले ते.

वकील_सिव्हिल_लाइन्स
नावाबाबत एक कोरडी पण कामाची सूचना. १८६७चा जुना कायदा आता गेला. त्याच्या जागी नियतकालिकांच्या नोंदणीचा २०२३चा कायदा १ मार्च २०२४पासून लागू आहे. सार्वजनिक बातम्या किंवा त्यांवरचं भाष्य छापणारं, ठरावीक काळाने निघणारं प्रकाशन असेल तर नोंदणी लागते, आणि त्यासोबतच शीर्षकाची पडताळणी. त्याच भाषेत देशात कुठेही, किंवा त्याच राज्यात दुसऱ्या भाषेत, तेच किंवा त्याच्याशी मिळतंजुळतं नाव आधीच कुणाकडे असेल तर ते मिळत नाही. सभासदांपुरतं, पुस्तकांविषयीचं पत्रक असेल तर गोष्ट वेगळी. असे अंक ‘केवळ खासगी वितरणासाठी’ असं छापतात. पण नुसतं तसं छापल्याने सगळं सुटतं असं धरून चालू नका. पुढे वर्गणी घ्यायची असेल, बाहेर विकायचं असेल, शहरातल्या घडामोडींवर लिहायचं असेल, तर आधी नीट विचारून घ्या. आणि आजच नाव निवडताना ते आधीच कुणाचं नाही ना, हे नोंदणीच्या संकेतस्थळावर पाहून ठेवा. दोन वर्षं वापरलेलं नाव बदलणं जिवावर येतं.

अक्षरवेडी
आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळूया का? मी भाषांतर करते, म्हणून इंग्रजीची पद्धत आधी सांगते. तिथे बहुतेक शैलीपुस्तिकांत तत्त्व असं की स्वतंत्र, पूर्ण कृती तिरप्या अक्षरांत: पुस्तक, मासिक, वर्तमानपत्र, वार्तापत्र. तिच्या पोटातला भाग दुहेरी अवतरणात: लेख, प्रकरण, कविता, कथा. एपी वृत्तसंस्थेची शैली मात्र वेगळी, तिच्यात तिरपी अक्षरं नाहीतच. म्हणजे इंग्रजीतसुद्धा एकच एक नियम नाही. अमुक ठिकाणी अमुक पुस्तिका पाळायची, एवढंच ठरलेलं असतं.

मराठीत तिरपं करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. रोमन लिपीत तिरप्या अक्षरांचा स्वतंत्र घाट आहे. व्हेनिसला आल्डस मानुशियसच्या छापखान्यात १५०१ साली त्या वळणात अख्खं पुस्तक निघालं, तेव्हापासूनची ती परंपरा. देवनागरीच्या बहुतेक फाँटांना असा घाट नसतो. संगणक उभं अक्षरच ढकलून तिरपं करतो. काने कलंडतात, मात्रा शेजारच्या अक्षरावर जातात, आणि लहान टाइपात ‘र्‍या’ आणि जोडाक्षरं वाचताना डोळ्यांना त्रास होतो. तुमचे निम्मे वाचक ज्येष्ठ आहेत, त्यांचा विचार करा.

जुना_कंपोझिटर
शंभर टक्के. आणि ठळकही करू नका. पुस्तक परिचयाच्या एका पानात दहा-पंधरा नावं सहज येतात. सगळी ठळक केली तर पान लांबून डाग पडल्यासारखं दिसतं आणि खरा मथळा कुठला ते कळत नाही. मराठीत एकेरी अवतरण हीच रूढ पद्धत आहे. दुहेरी अवतरण कुणाच्या तोंडचं वाक्य असेल तिथे. बोलण्यात नाव आलं तर बाहेर दुहेरी, आत एकेरी.

अक्षरवेडी
@जुना_कंपोझिटर, ठळकबद्दल पूर्ण सहमत नाही. ओळख करून देताना सुरुवातीला पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशन, पानं, किंमत अशी जी एक वेगळी ओळ असते, तिथे नाव ठळक असलंच पाहिजे. वाचक ती ओळ शोधतो. आणि तिथे अवतरण नको.

जुना_कंपोझिटर
ती ओळ वेगळी. ते मान्य. मी परिच्छेदाबद्दल बोलतोय.

मृण्मयी_प्रतापनगर
पण मग पुस्तक आणि त्यातली कविता, दोन्ही एकेरी अवतरणात आली तर कुठलं काय ते कसं कळणार?

अक्षरवेडी
त्यासाठी मराठीत चिन्हाची गरजच पडत नाही, ‘या’ आणि ‘ही’ हे शब्द ते काम करतात. “‘अमुक’ या संग्रहातली ‘तमुक’ ही कविता.” कोण कुणाच्या पोटात आहे ते वाक्यच सांगतं. आणि याचा दुसरा फायदा फार मोठा आहे: प्रत्यय नावाला लागतच नाही. “‘वाचनखूण’ या पत्रकात”, “‘अमुक’ या कादंबरीला”. नाव जसंच्या तसं राहतं. लेखात पहिल्यांदा नाव येईल तेव्हा असं पूर्ण लिहायचं, पुढे ‘अमुक’मध्ये, ‘अमुक’ला असं आटोपशीर. माझ्या अनुभवात अर्धे प्रश्न इथेच मिटतात.

चंद्रपूरची_लेक
हे आवडलं. पण पुढे थेट प्रत्यय लावायची वेळ येईलच. ‘वाचनखूण’चंच घ्या. बोलताना आपण वाचनखुणेत म्हणतो, खू ऱ्हस्व होतो. छापायचं काय, ‘वाचनखूण’मध्ये की ‘वाचनखुणे’त?

जुना_कंपोझिटर
‘वाचनखूण’मध्ये. अवतरणाच्या आत नाव जसं मथळ्यावर आहे तसंच राहणार, हा नियम करून टाका. ‘लोकसत्ता’ स्वतःच्या पानावर स्वतःचा उल्लेख कसा करते पाहा: ‘लोकसत्ता’ने, ‘लोकसत्ता’च्या. आत बदल नाही. अवतरण काढून सरळ लिहायचं असेल तर मात्र सामान्यरूप करा, मग लोकसत्तेत, वाचनखुणेत. दोन्ही बरोबर, पण ‘वाचनखुणे’त असं अर्धंमुर्धं नको. त्या नावाचं पत्रकच नाही.

आणि हात जोडून सांगतो, अवतरण मिटलं की प्रत्यय लगेच चिकटवा. ‘दर्पण’ मध्ये, ‘केसरी’ त अशी मधे जागा सोडलेली मला रोज दिसते. ती हिंदीची रीत. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय जोडूनच येतं. जागा सोडली की ओळ तुटताना ‘केसरी’ वरच्या ओळीत राहतो आणि एकटा ‘त’ खालच्या ओळीत येऊन पडतो.

सदर_बाजार
इंग्रजी पेपरच्या आधीचं ‘द’ लिहायचं का? आमच्या घरी १९११चा वारसा असलेला पेपर येतो, पण “द हितवाद दे” असं कुणी म्हटलेलं ऐकलं नाही.

अक्षरवेडी
मराठी वाक्यात सोडून द्यावा. ‘हितवाद’मध्ये, ‘टाइम्स ऑफ इंडिया’मध्ये. संदर्भसूची असेल तर पूर्ण नाव.

ग्रंथपाल_वर्धा
उशिरा आले, पण एक मुद्दा राहिलाय. नाव घ्यायचं कुठून? मुखपृष्ठावरून नको. मुखपृष्ठ चित्रकाराचं असतं, तिथे नाव तोडतात, फिरवतात, उपशीर्षक गाळतात. तालिकीकरणात, म्हणजे पुस्तकांची सूची करताना, आम्ही आतलं शीर्षकपृष्ठ प्रमाण मानतो. शीर्षकानंतर उपशीर्षक असेल तर विसर्गचिन्हासारखा दिसणारा अपूर्णविराम देऊन लिहितो. तुमच्या परिचय लिहिणाऱ्यांना एवढंच सांगा की पुस्तक उघडा, आतल्या पानावरून अक्षर न् अक्षर उतरवा. ऱ्हस्व-दीर्घसुद्धा लेखकाचंच ठेवा.

तुमच्याकडे जुनी पुस्तकं असणारच. मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम १९६२चे, आणखी चार १९७२चे. त्याआधीच्या पुस्तकांच्या नावांवर न उच्चारले जाणारे अनुस्वार भरपूर दिसतील. ते तसेच ठेवावेत असं माझं मत.

मृण्मयी_प्रतापनगर
@ग्रंथपाल_वर्धा, पण महामंडळाच्याच नियमांत आहे ना, की केशवसुतपूर्व पद्य आणि चिपळूणकरांपर्यंतचं गद्य मुळाप्रमाणे छापावं, आणि त्यानंतरचं आजच्या नियमांप्रमाणे?

ग्रंथपाल_वर्धा
तो नियम उताऱ्यांसाठी आहे. पुस्तकाचं नाव हे विशेषनाम. माणसाने आपलं आडनाव जसं लिहिलं तसं आपण लिहितो, मग पुस्तकाचं का बदलायचं?

मृण्मयी_प्रतापनगर
अभ्यासिकेतला मुलगा संगणकावर शोधेल तेव्हा तो अनुस्वार देणार नाही, आणि पुस्तक कपाटात असूनही त्याला सापडणार नाही. मी शिकवते, रोज हे पाहते. चालू मजकुरात आजचं लेखन आणि सूचीत मूळचं, असं करता येईल.

ग्रंथपाल_वर्धा
सूचीत दोन्ही नोंदी करू, शोधायला आजची, वाचायला मूळची. चालू मजकुरात मात्र मी मूळच छापेन. यावर आपलं एकमत व्हायचं नाही असं दिसतंय.

संगणक_मानेवाडा
छपाईचा एक धोका सांगतो. ताई, तुमचं पान कोण लावणार? नागपुरात अजून बरीच कामं कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये चालतात. कृतिदेवमध्ये उभ्या एकेरी अवतरणाच्या कळीवर अर्धा ‘श्’ बसवलाय आणि दुहेरीच्या कळीवर अर्धा ‘ष्’. तुम्ही मोबाइलवर टंकलेला मजकूर तिकडे गेला की नावांच्या दोन्ही बाजूंना अर्धे ‘श्’ उभे राहतात. आणि तिकडचा मजकूर नीट रूपांतर न करता इकडे आणला तर एकेरी अवतरणाच्या जागी वर टोपी आणि तारका दिसते, ^ओसरी* अशी. कारण कृतिदेवमध्ये वळणदार अवतरणं त्या दोन कळांवर आहेत. लग्नपत्रिकांत, फलकांवर हे ‘श्’ मी किती वेळा पाहिलेत. म्हणून लेखन, संपादन, पानं लावणं, सगळं युनिकोडमध्येच करा. आणि शेवटी एकदा शोधा-बदला करून उभी अवतरणं वळणदार करून घ्या.

तर्रीवाला
आता समजलं, आमच्या गल्लीतल्या फलकावर “श्गणेशोत्सवश्” काऊन लिवलं होतं ते!

संगणक_मानेवाडा
हाव, तेच ते.

अक्षरवेडी
मथळ्यावरच्या नावाला अवतरण देऊ नका, हेही लिहून ठेवा. पत्रकाच्या डोक्यावर, लेखाच्या शीर्षकाला, पाटीवर अवतरण नको आणि शेवटी पूर्णविरामही नको. अवतरण लागतं ते नाव वाक्यात येतं तेव्हा. “‘स्वागत’ समारंभ” अशी पाटी वाचली की खरंच स्वागत आहे की नाही अशी शंका येते.

धरमपेठकरीण
मंडळी, काल बैठक झाली. हा धागा मोठ्याने वाचून दाखवला.

नाव ‘वाचनखूण’ ठरलं. कंपोझिटरकाकांची चार वाक्यं प्रत्येक नावाला लावून पाहिली, ‘ओसरी’ खरोखरच सगळ्यात सोपी ठरली. पण अभ्यासिकेतली एक मुलगी म्हणाली, “आम्ही वर बसतो, ओसरीवर कधी आलोच नाही, पण खूण तर सगळेच ठेवतात.” मग ज्येष्ठांपैकी एकांनी आपल्या पुस्तकातून जुनं बसचं तिकीट काढून दाखवलं, एका काकूंनी लोकरीचा धागा. वाद तिथेच संपला. वकीलसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे नोंदणीच्या संकेतस्थळावर पाहून घेणार आहोत, अंक सभासदांपुरताच असेल.

लेखनाचं असं ठरलं: वाक्यात सगळी नावं एकेरी अवतरणात, पहिल्यांदा ‘या’, ‘हे’, ‘ही’ लावून, पुढे प्रत्यय बाहेर आणि चिकटवून, आतलं नाव न बदलता. परिचयाच्या वरच्या ओळीत नाव ठळक, अवतरणाशिवाय. तिरपं कुठेच नाही. नाव शीर्षकपृष्ठावरून. जुन्या अनुस्वारांवर बैठकीतही दोन तट पडले. पहिल्या अंकात मूळचं लेखन ठेवतोय, मृण्मयीताईंची शोधाची सूचना संगणकातल्या सूचीसाठी घेतली आहे. हे सगळं अर्ध्या पानावर लिहून लेखकांना देणार आहोत.

इंदोरा_चौक
अभिनंदन. मथळ्याखाली एखादी ओळ टाकणार का?

धरमपेठकरीण
हो, सभासदांकडूनच मागवतोय. चिठ्ठ्यांची पेटी पुन्हा ठेवली आहे.

जुना_कंपोझिटर
पानं लावायला मी येतो, मोबदला नको. मजकूर युनिकोडमध्ये, चित्रं वेगळी द्या, आणि छापायच्या चार दिवस आधी द्या. मथळ्याची अक्षरं मी दोन-तीन वळणांत काढून आणतो. ‘खू’चा दीर्घ उकार खालच्या ओळीला लागतो, तिथे जागा सोडावी लागेल.

ग्रंथपाल_वर्धा
पहिल्या अंकापासून ‘वर्ष १, अंक १’ आणि महिना-साल छापायला विसरू नका, नंतर बांधणी करताना फार उपयोग होतो. आणि एक छापील प्रत आमच्या वाचनालयाला पाठवा, पत्ता निरोपात देते.